सायलेन्सरमधले प्लॅटिनम आणि आपली गलाई

गेल्या वर्षी आम्ही आमची जुनी पेट्रोल गाडी आदिलाबादेतच भंगारात काढली. इंजिनाजवळचा, सायलेन्सरच्या नळीवरचा फुगीर डबा घेणाऱ्याने लोखंडाच्या भावाने तोलला, आम्हीही पैसे मोजून घेतले. बँकेत वर्षानुवर्षे सोनेतारण कर्जे दिलेल्या माणसाने प्लॅटिनम किलोवर विकले, हे मागाहून कळले!

त्या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. आत पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिसूक्ष्म थर. विषारी धुराचे रूपांतर करताना हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत, म्हणून मोडीतल्या गाडीतही बरेचसे शिल्लक असतात. एकूण काही ग्रॅमच. पण २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता.

गलाई आपल्या लोकांना नवी नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळतात. सोन्यात चांदी मिसळून वितळवायचे, मग नायट्रिक आम्लात टाकायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने उरते. इथे ते चालत नाही. सोने १०६४ अंशांना वितळते, प्लॅटिनमला १७६८ लागतात. शिवाय धातू जाळीवर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून कारखान्यात जाळी दळून तांबे किंवा लोखंडाबरोबर मोठ्या भट्टीत वितळवतात. मळी वर तरंगते, मौल्यवान धातू खाली तांब्यात उतरतात. तांबे काढून टाकले की उरलेला गाळ आम्लांत विरघळवून एकेक धातू वेगळा करतात. प्लॅटिनमच्या द्रावणात नवसागर, हो, कल्हईवाल्याचाच, टाकला की पिवळा साका बसतो. तो तापवला की करडे प्लॅटिनम.

मोबाईलवर पाहून परसात हा उद्योग करायचा बेत आमच्या ओळखीच्या एका तरुणाने केला होता. आम्ही हात जोडले. आम्लाच्या वाफा फुप्फुसे जाळतात आणि प्लॅटिनमच्या क्षारांनी कायमचा दमा जडू शकतो.

गाडी मोडायचीच तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. २०२१ च्या नियमांनुसार तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळते (आम्हा बँकवाल्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने पाठ!). कन्व्हर्टरचा भाव वेगळा विचारावा. डब्यावर बहुधा क्रमांक कोरलेला असतो, जाणकार त्यावरूनच किंमत ठरवतात. तो आधी टिपून ठेवावा.

आमच्या डब्यावरचा क्रमांक आम्ही पाहिलाही नव्हता.