ट्रक, टेकऑफ आणि 'वैमानिकाची चूक'

विमान कोसळल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यावरही एकच वाक्य ऐकू येतं, "पायलटचंच चुकलं असणार, बाई!" १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडताच कोसळलं, तेव्हाही असंच झालं. जुलैमधल्या प्राथमिक अहवालाने कुणालाही दोषी ठरवलं नव्हतं, पण आपला निकाल मात्र केव्हाच लागला होता!

अशीच एक घटना आपल्या मराठवाड्यात घडून गेलीय. तिची चौकशी केव्हाच पूर्ण झाली. 'पायलटची चूक' म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं असेल तर ती आठवायलाच हवी.

धाराशिवहून, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादहून, हायकोर्टाची तारीख असो की घाटीत पेशंट न्यायचा असो, आपली एसटी बीडवरून औरंगाबादला जाते. आता त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. तिथल्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापलीकडेच बीड रोड होता. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी या रस्त्यावरून एक ट्रक चालला होता. त्यात कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेल्या होत्या. त्याच वेळी, एक वाजून गेल्यावर, इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला जायला धावपट्टीवर धावू लागलं. फ्लाइट ४९१. आत ११८ माणसं, विमान जवळजवळ भरलेलं.

विमान जमीन सोडेपर्यंत धावपट्टी संपत आली होती. वर उठता उठता त्याचं डावीकडचं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर! म्हणजे आपल्या घराच्या दाराची चौकट असते तेवढ्या उंचीवर. तिथून ते लंगडत पुढे गेलं आणि सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकून खाली कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले. दोन्ही वैमानिक वाचलेल्यांत होते.

आता थोडं कॉकपिटमध्ये डोकावू या. टेकऑफ म्हणजे नुसतं जोरात पळवायचं आणि वर न्यायचं, असं नसतं. निघण्याआधीच हिशेब मांडलेला असतो: वजन किती, धावपट्टी केवढी, वारा कुठला, ऊन किती. एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी उचलते, इंजिनाचाही जोर घटतो. त्यामुळे त्याच वजनाच्या विमानाला थंडीतल्या सकाळपेक्षा जास्त लांब धावावं लागतं.

या हिशेबातून काही वेग ठरतात. पहिला 'व्ही-वन'. तिथपर्यंत काही बिघडलं तर थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचं नाही, मग एक इंजिन बंद पडलं तरी उडायचंच, कारण थांबायला पुढे जागाच उरत नाही. म्हणून व्ही-वन आला की कॅप्टन इंजिनाच्या दांड्यावरचा हात काढून घेतो, मोह नको! त्यानंतरचा वेग 'रोटेट'चा. इथे विमानाचं नाक हळूहळू, पण ठामपणे वर उचलायचं. घाईने ओढलं तर शेपटी घासते, बिचकत उचललं तर विमान जमीन सोडत नाही. या वेळी वेग असतो ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एका सेकंदात सत्तर मीटर जातात. दोन सेकंद उशीर झाला तर दीडशे मीटरच्या आसपास धावपट्टी मागे पडलेली असते.

चौकशीत हेच निघालं. नाक उचलायला उशीर झाला आणि उचलायची पद्धतही चुकली. म्हणजे पायलटचीच चूक? हो, ती होतीच, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्याच निष्कर्षात दुसरं कारणही आहे: विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहनं रोखण्याचं काम विमानतळ प्राधिकरणाने केलं नाही. रेल्वे यायची असते तेव्हा फाटक पडतं, आपण खोळंबतो, कुरकुरतो आणि सुखरूप राहतो. इथे तर वरून विमान जाणार होतं. ट्रक तिथे नसता तर उशिरा उठलेलं विमान तसंच पुढे निघून गेलं असतं का? मला तरी वाटतं, बहुधा गेलं असतं. ट्रकवाल्याचा तर यात काहीच दोष नव्हता, तो आपल्या वाटेने चालला होता.

त्या दिवशी सहवैमानिकाच्या खुर्चीत एक महिला होती. "बघा, बाई होती ना!" असं म्हणायला जीभ शिवशिवते त्यांच्यासाठी सांगते, निष्कर्षात वैमानिकांचं तंत्र चुकलं असं म्हटलंय, बाई-पुरुष असं काही नाही. त्याच्या आठ वर्षं आधी, १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कोलकात्याहून सिल्चरला विमान नेलं होतं, तेही सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा घेऊन. आज भारतात साधारण १५ टक्के वैमानिक महिला आहेत. जगाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

सहवैमानिक नुसता बसायला नसतो. एक जण विमान उडवतो, दुसरा काटे बघून वेग मोठ्याने सांगतो. एसटीत कंडक्टरने एकदा घंटा मारली की ड्रायव्हर कितीही सिनिअर असो, गाडी थांबते, तसंच काहीसं. पण कॉकपिटमध्ये ही घंटा नेहमीच ऐकली जायची असं नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात केएलएमच्या नावाजलेल्या कॅप्टनने परवानगी न घेताच जम्बो पळवायला सुरुवात केली. धावपट्टीवर दुसरं जम्बो अजून आहे का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली आणि पुढे कुणी काही बोललं नाही. ५८३ माणसं गेली.

त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी धाकट्यांना बोलायला आणि थोरल्यांना ऐकायला शिकवण्याचे खास वर्ग सुरू केले. आता टेकऑफपूर्वी दोघं एकमेकांना मोठ्याने सांगतात, काय बिघडलं तर थांबायचं, कुठल्या वेगानंतर नाही. दोनदा बजावूनही समोरच्याकडून उत्तर आलं नाही, तर धाकट्याने विमानाचा ताबा घ्यायचा असतो. आणि तो घेताना "ताबा माझ्याकडे" असं मोठ्याने सांगायचं असतं.