स्वमग्न मुलाचे संगोपन आणि कौटुंबिक नातेसंबंध : राजुरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अशी वाढीची अवस्था होय. हाकेला प्रतिसाद न देणे, बोलणे उशिरा येणे, त्याच त्या हालचाली करणे, दिनक्रमातील बदल किंवा विशिष्ट आवाज असह्य होणे ही तिची काही लक्षणे होत. या लक्षणांच्या तुलनेत मुलाभोवतीच्या कुटुंबाचा विचार कमी होतो. प्रस्तुत लेखात या कौटुंबिक बाजूचा विचार केला आहे.

दोषारोपाचा वारसा :
१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात मातेच्या भावनिक कोरडेपणाला दोष दिला. वस्तुतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच जैविक कारणांची मांडणी केली होती. विज्ञानाने मातृदोषाचा सिद्धांत नाकारला. तथापि गरोदरपणी काय खाल्ले, माहेरी असे कोणी होते काय, या प्रश्नांच्या रूपाने तो घराघरांत टिकून आहे. पती-पत्नींतील दुरावा पुष्कळदा येथूनच सुरू होतो. अशा मुलांच्या आईवडिलांपैकी ऐंशी टक्के विभक्त होतात, या प्रचलित समजाला मात्र आधार नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलांपैकी ६४ टक्के, तर इतर मुलांपैकी ६५ टक्के मुले दोन्ही पालकांसोबत राहत असल्याचे आढळले.

पाळीची नोकरी आणि दिनक्रम :
राजुरा परिसरातील अनेक घरांचा चरितार्थ कोळसा खाणी व सिमेंट कारखान्यांतील पाळीच्या नोकरीवर चालतो. स्वमग्न मुलाला ठरावीक क्रमाचा आधार लागतो; वडिलांची पाळी बदलली की त्यांची झोप, जेवण व घरातील शांतता यांच्या वेळाही बदलतात. परिणामी सारा भार आईवर येतो. पाळी कोणतीही असो, आंघोळ किंवा फेरफटका यांपैकी एक काम वडिलांनी कायम स्वतःकडे ठेवावे. त्या आठवड्याचा क्रम चित्रांच्या तक्त्याने मुलाला आधी दाखवावा. यामुळे मुलाची अस्वस्थता कमी होण्यास आणि आईला विसावा मिळण्यास मदत होते.

भाषा आणि आजी-आजोबा :
तेलंगणाच्या सीमेलगतच्या या तालुक्यात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामी व हिंदी या भाषा बोलल्या जातात. मूल बोलत नाही म्हणून घरात एकच भाषा ठेवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु दोन भाषांच्या सहवासाने स्वमग्न मुलांचे बोलणे अधिक लांबते, असे उपलब्ध अभ्यासांत दिसून आलेले नाही. गोंडी बोलणाऱ्या आजीला गप्प केल्याने नातू आजीला मात्र दुरावतो.

भावंडे आणि भविष्य :
भावंडांच्या वाट्याला अकाली प्रौढत्व येते. 'आमच्या पश्चात कोण?' या आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्याकडेच पाहून शोधले जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील तपासणीची वर्षातून दोनदा तरतूद असल्याने प्रारंभीच निदानाची वाट खुली होते.

निष्कर्ष :
स्वमग्न मुलामुळे घर मोडते, हे विधान अपुरे आहे. दोषारोप, श्रमांची विषम वाटणी आणि शेजाऱ्या-नातलगांनी फिरवलेली पाठ यांमुळे घर खचते, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत. वर्गात वारंवार गैरहजर राहणारी विद्यार्थिनी अशा एखाद्या मुलाची ताई असू शकते. तिच्या हजेरीचा हिशेब मांडण्यापूर्वी प्राध्यापकांनी तिच्या घराची विचारपूस करणे, ही या बदलाची सुरुवात ठरू शकेल.