डोंगर गेला कुठे?

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातले क्रेटर लेक पाहायला आम्ही मोटारीने निघालो होतो. उत्तरेच्या बाजूने जाताना झाडी एकाएकी विरळ होते आणि उजाड माळ लागतो. गाडी थांबवून रस्त्याकडेचा एक दगड उचलला, तर आतून पोकळ वाटावा इतका हलका! हा प्युमिस, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी फुगून थिजलेला शिलारस. (राष्ट्रीय उद्यानातून दगड न्यायला बंदी आहे. मुकाट्याने जागेवर ठेवला.)

काठावर पोहोचलो की समोर ८ ते १० किलोमीटर रुंदीचा खड्डा आणि त्यात ५९४ मीटरपर्यंत खोल पाणी. नदी येत नाही की बाहेर जात नाही. सारे पाणी पावसाचे व बर्फाचे, म्हणून गाळ अगदी कमी आणि निळाई गडद. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी इथे माझामा हा अंदाजे ३,७०० मीटर उंचीचा ज्वालामुखी होता. मग त्याचा माथा गेला कुठे?

'स्फोटात उडाला' असे विद्यार्थी सांगतील. पण तसे असते तर भोवताली जुन्या डोंगराच्या फुटक्या खडकांचा खच पडायला हवा. ते तुकडे फारच थोडे आहेत. बहुतेक माल प्युमिसचा, म्हणजे पोटातून आलेल्या नव्या शिलारसाचा. हॉवेल विल्यम्स यांनी १९४२ मध्ये हाच हिशेब मांडून दाखवले, की माथा उडाला नाही, खचला. सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडल्यावर खालचा आधार गेला आणि छत आत कोसळले. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ काहील. तेव्हा सरोवराच्या नावातले 'क्रेटर' काटेकोरपणे पाहता चुकीचेच. तिथल्या क्लॅमथ लोकांच्या परंपरागत कथेतही पर्वत आतच कोसळतो, हे विशेष.

आता हाच प्रश्न आपल्या लोणारला विचारू. बसाल्टमधला गोल खड्डा, म्हणून तोही ज्वालामुखीचा, असे पुष्कळांना वाटे. पण काठाबाहेर विखुरलेला माल आहे जुन्याच बसाल्टचा. उद्रेकातून आलेला नवा शिलारस नाही. काठावर तर थर उलटे पडलेले दिसतात. १९७३ साली तिथे मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. आघाताच्या प्रचंड दाबाने फेल्डस्पार खनिजाची झालेली ही काच. म्हणजे लोणारचा घाव वरून, उल्केचा.

लोणारला सहल न्याल तेव्हा पाण्याकडे उतरण्याआधी अर्धा तास काठाच्या बाहेरच्या उतारावर काढा. आम्ही पूर्वी दोनदा तिथे गेलो, आणि दोन्ही वेळा थेट पाण्याकडेच धावलो होतो.