फुगलेल्या फडताळाची दुरुस्ती

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे गाव आहे. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन तेथे परतले, तेव्हा गावातले यादवबाबांचे देऊळ मोडकळीला आले होते. त्याचे लाकूड दारूच्या भट्ट्यांखाली जाळले गेले होते. अण्णांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्याचा जीर्णोद्धार केला, आणि गावाच्या सुधारणेची सुरुवात तेथून झाली. जळलेले लाकूड परत येत नाही. पण मोडलेले दुरुस्त करता येते.

तुमच्या घरी जाड भिंतीत बसवलेले जुने फडताळ असेल, तर त्याची दारे पाहा. रंग उडालेला, पावसाळ्यात दार अडकते, उन्हाळ्यात फट पडते. 'नवे करून घेऊ' असे घरात कोणी म्हणण्यापूर्वी दाराचा आजार ओळखू या.

लाकूड हवेतील बाष्प शोषते व सोडते. मात्र ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. तंतूंच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. दाराच्या 45 सेंटिमीटर रुंदीत अवघी एक टक्का वाढ झाली, तरी ती साडेचार मिलिमीटर भरते! दार अडकायला तेवढी पुरे. म्हणून भर पावसाळ्यात दाराला रंधा मारू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसले, की तीच जागा मोठी फट होऊन दिसेल.

दुसरा आजार बिजागरीचा. समजा, त्याच दाराचे वजन 6 किलोग्रॅम आहे आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर 90 सेंटिमीटर आहे. दाराचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून 22.5 सेंटिमीटरवर येतो. वरची बिजागरी चौकटीपासून ओढली जाते ते बल 6 × 22.5 ÷ 90, म्हणजे 1.5 किलोग्रॅम भार. आता दाराच्या मोकळ्या कडेला 4 किलोग्रॅमची पिशवी अडकवा. आणखी 4 × 45 ÷ 90, म्हणजे 2 किलोग्रॅम भार वाढला! एका पिशवीने ओढ दुपटीहून अधिक झाली. मळसूत्राचे भोक सैल होते ते असे. त्यात लाकडाची बारीक खुंटी सरस लावून ठोका, ती वाळू द्या आणि मळसूत्र पुन्हा पिळा. खर्च जवळजवळ शून्य.

आता रंग. हे काम कोरड्या दिवसांत करा. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नका. पृष्ठभाग ओला करून, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून मोठ्या माणसांनीच तो काढावा. लहान मुलांना दूर ठेवा. लाकूड पूर्ण वाळले, की खाचांत लांबी भरा आणि रंग किंवा बेलतेल लावा. हे जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाची फडकी गोळा करून ठेवली, तर ती आपोआप पेटू शकतात. म्हणून ती पाण्यात भिजवून ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना हात फिरवा. फक्त दर्शनी बाजू रंगवली, तर मागची बाजू अधिक बाष्प शोषून फुगते व दार वाकते. उभ्या फळीच्या खालच्या-वरच्या कडेला तर तंतूंची तोंडे उघडी असतात. पाणी तेथूनच सर्वांत लवकर आत शिरते, आणि नेमकी तीच कड आपण विसरतो.

शेवटी एक प्रयोग. वैशाखात दाराच्या फटीत किती पोस्टकार्डे मावतात ते मोजून लिहून ठेवा. श्रावणात पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक पाहिलात, की तुमचे दार सुताराने बिघडवलेले नसून ऋतूंबरोबर श्वास घेत आहे, हे तुम्हीच घरच्यांना सांगाल.