रामोनाचं चुकतं कुठे?

खट्याळ मुलींच्या विनोदी गोष्टी आपण हसून सोडून देतो. आज त्यातला विनोद जरा तपासून पाहू. उदाहरण घेऊ अमेरिकन लेखिका बेव्हर्ली क्लिअरी यांच्या ‘रामोना द पेस्ट’चं. पुस्तक १९६८ चं.

पोर्टलंडमधल्या रामोनाचा बालवर्गातला पहिला दिवस. बाई खुर्ची दाखवून म्हणतात, सध्या इथे बस. या ‘सध्या’साठी त्यांच्या इंग्रजी वाक्यात शब्द आहे ‘प्रेझेंट’. त्याचा दुसरा अर्थ भेटवस्तू. झालं! बाकीची मुलं खेळायला उठली तरी रामोना भेटीची वाट बघत खुर्चीला चिकटून.

पुढे बाई गोष्ट वाचतात. एक माणूस यंत्राने दिवसभर तळघर खणतो. रामोना विचारते, मग तो लघवीला कसा गेला? आता सगळ्या वर्गालाच ते जाणून घ्यायचं असतं!

तर्कशास्त्राच्या दृष्टीने बघा. रामोनाचं अनुमान बिनचूक आहे. द्व्यर्थी होतं ते बाईंचं विधान. म्हणजे आपल्याला हसू येतं ते तिच्या अज्ञानाचं नव्हे, तर आपण विचार न करता भाषा वापरतो त्याचं. गोष्टीतल्या बाई हे ओळखतात आणि चूक स्वतःकडे घेतात.

आपण घरी काय करतो? मूल असं काही बोललं की हसतो, वर पाहुण्यांसमोर पुन्हा बोलून दाखवायला लावतो. आपल्याला गंमत वाटते. मूल मात्र विचारायचं थांबतं. क्लिअरी वाचकाला रामोनाच्या बाजूने हसायला शिकवतात. या दोन हसण्यांतला फरक महत्त्वाचा, एवढंच आज लक्षात ठेवा.