छावणी उठल्यानंतर : जमीन आणि पाणी यांचा प्रश्न

लष्करी ठाणे उठून जाणे ही गोष्ट धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. भूमच्या शेजारी असलेला परांड्याचा भुईकोट किल्ला अहमदनगर १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडल्यावर काही काळ निजामशाहीचे राजधानीचे ठिकाण होता. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर भक्कम बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. दोन्ही ठिकाणची शिबंदी केव्हाच गेली. परंतु नळदुर्गचा बंधारा उभा आहे आणि चांगला पाऊस झाला म्हणजे त्याच्या नर व मादी या सांडव्यांवरून पाणी आजही कोसळते. त्या काळातील सैन्याने मागे ठेवले ते दगड, चुना, राख, लोखंड आणि जनावरांचे शेण. मातीने ते पचविले.

विसाव्या शतकातील छावणीची गोष्ट निराळी आहे. मोटारींचे कारखाने, इंधनाच्या भूमिगत टाक्या, यंत्रे धुण्याची द्रावणे, गोळीबाराच्या मैदानात वर्षानुवर्षे साचलेले शिसे, आग विझविण्याचा रासायनिक फेस आणि क्वचित न फुटलेला दारूगोळा, अशा वस्तू तिच्या आवारात व जमिनीखाली असतात. त्यांपैकी इंधन व द्रावणे हळूहळू खाली झिरपतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सलग थरातून वाहत नाही; वरच्या मुरमातून ते उतरते आणि पुढे खडकाच्या भेगांतून वाट काढते. म्हणून दूषित पाणी कोणत्या विहिरीत निघेल याचा अंदाज जमिनीच्या उतारावरून करणे धोक्याचे असते. एक विहीर स्वच्छ असते आणि हाकेच्या अंतरावरील दुसरीचे पाणी तोंडात घेववत नाही. बालाघाटच्या माथ्यावर विहिरी व विंधन विहिरी खोदणाऱ्यांना भेगांचा हा लहरीपणा चांगला ठाऊक आहे.

कल्याणची छावणी

महाराष्ट्रात बंद झालेल्या लष्करी छावणीचे वसाहतीत रूपांतर झाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण उल्हासनगरचे म्हणावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक सैनिकांसाठी एक तात्पुरता तळ उभारण्यात आला. सुमारे दोन हजार बराकी, त्यांच्यामधून सोडलेली मोकळी जागा, सामायिक नळ व सामायिक संडास अशी त्याची रचना होती. ती काही महिने मुक्काम करून पुढे जाणाऱ्या फौजेसाठी होती. युद्ध संपले, तळ रिकामा झाला आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना याच बराकींत आसरा देण्यात आला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. आजही तेथील पत्ते ‘कॅम्प नंबर १’ ते ‘कॅम्प नंबर ५’ असेच सांगितले जातात.

त्या घटकेला दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. लक्षावधी माणसे उघड्यावर असताना तयार छप्पर नाकारणारा शासनकर्ता कोण असेल? दोष आसरा देण्यात नव्हता. छावणीचा आराखडाच शहराचा आराखडा समजला गेला, हे मात्र महागात पडले. बराकी आडोसे घालून कुटुंबांत वाटल्या गेल्या. मधल्या मोकळ्या जागांत घरे, दुकाने व छोटे कारखाने उभे राहिले. १९५१ च्या जनगणनेत ऐंशी हजारांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली आणि क्षेत्र मात्र तेरा चौरस किलोमीटरच्या आसपासच राहिले. एवढ्या वस्तीला स्वतःचा पुरेसा जलस्रोत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर शहर अवलंबून आहे. अनधिकृत बांधकामे इतकी वाढली की, ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला.

याचा सर्वांत मोठा भार पडला तो वालधुनी नदीवर. अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर जिच्या काठी आहे, तीच ही नदी. शहरातून वाहताना तिला सांडपाण्याच्या नाल्याचे रूप आले. जीन्सचे कापड धुण्याच्या व रंगविण्याच्या व्यवसायाचे पाणीही तिच्यात मिसळले. २०१४ मध्ये वालधुनीत टाकलेल्या रासायनिक कचऱ्याच्या वाफांनी शेकडो नागरिकांना रुग्णालयात जावे लागले. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि २०१५ मध्ये त्याने स्थानिक संस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना जबाबदार धरले. सैन्य जाऊन तोवर सुमारे सत्तर वर्षे झाली होती. या प्रदूषणाला फौजेचे तेल कारण नव्हते. सांडपाण्याची जी व्यवस्था छावणी जाताना कोणी घेतली नाही आणि वस्ती येताना कोणी उभारली नाही, तिची उणीव येथे भोवली.

फिलिपाईन्समधील अनुभव

अशीच, किंबहुना अधिक कठोर हकीकत फिलिपाईन्समधील क्लार्क या अमेरिकी हवाई तळाची आहे. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेने हा तळ सोडला. ज्वालामुखीमुळे निराधार झालेल्या हजारो कुटुंबांना तळाच्या आवारात, पूर्वी लष्करी वाहने ठेवली जात त्या जागी, वसविण्यात आले. तेथील कूपनलिकांचे पाणी लोक पीत होते. पुढील तपासणीत त्या भागातील भूजलात तेल व विषारी द्रव्ये आढळली. तळ सोडताना जमीन स्वच्छ करून देण्याची जबाबदारी उभय देशांच्या करारात अमेरिकेवर स्पष्टपणे टाकलेली नव्हती. त्यामुळे दाद मागण्यास जागाही राहिली नाही. याच अमेरिकेने आपल्या भूमीवरील दूषित जागांसाठी १९८० मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि कॅलिफोर्नियातील १९९४ मध्ये बंद झालेल्या फोर्ट ऑर्ड या तळाची सफाई त्याखाली चालविली. त्या जागेवर आज विद्यापीठ आहे आणि विस्तीर्ण संरक्षित वनभूमीही आहे. दोन तळांमधील फरक हस्तांतरणाच्या कागदात होता.

आजचे प्रयोजन

हा विषय महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही. पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी व छत्रपती संभाजीनगर अशा सात ठिकाणी राज्यात कटक मंडळे आहेत. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील खासयोल कटक मंडळ रद्द करून नागरी भाग स्थानिक संस्थेकडे देण्याच्या धोरणास प्रारंभ केला. लष्करी भाग लष्कराकडेच राहील. पण नागरी वस्तीची गटारे, कचरा, जुनी झाडे व मोकळी मैदाने यांचा ताबा नगरसंस्थांकडे येईल. कटक हद्दीतील विरळ बांधकाम व दाट वृक्षराजी शहरांना सावली आणि भूजलाला पुनर्भरण देत आली आहे. चटई क्षेत्राचे नियम सैल होताच हे दोन्ही जाण्याचा संभव आहे, आणि झाडांची मोजणी हस्तांतरणापूर्वी झाली नाही तर काय गेले हेही कळणार नाही.

पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये जारी केले आहेत. त्यांनुसार संशयित दूषित जागा शोधून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास कळविण्याचे काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांचे आहे. त्यानंतर मंडळाने ठराविक मुदतीत प्राथमिक पाहणी करावयाची असते व दूषण ठरल्यास ज्याने ते केले त्याच्याकडून सफाईचा खर्च वसूल होऊ शकतो. भूमसारख्या तालुक्यात छावणी नाही. तथापि बंद पडलेला कारखाना, जुनी तेलाची टाकी, कीटकनाशकांचे पडके गोदाम अशी जागा शाळेसाठी, घरकुलांसाठी वा बाजारासाठी सुचविली जाते, तेव्हा प्रश्न तोच असतो. जागेचा पूर्वीचा वापर काय होता हे गावातील वृद्धांना विचारून ठरावात नोंदविणे, जवळच्या दोन-तीन विहिरींचे पाणी ताबा घेण्यापूर्वी तपासून घेणे आणि तपासणीचा अहवाल ताबापावतीस जोडणे, एवढे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. पाण्याचे नमुने उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घ्यावेत, कारण भेगांतील पाणी दोन्ही ऋतूंत एकाच वाटेने येत नाही.