सोर्सेस.लिस्टमध्ये नवी ओळ टाकण्याआधी

उबुंटू किंवा डेबियन वापरायला लागलं की हा सल्ला हमखास कानावर येतो: ‘सोर्सेस.लिस्टमध्ये एवढी ओळ टाक, की झालं.’ ओळ टाकतात, हवं ते सॉफ्टवेअर चालूही होतं. त्या एका ओळीने आपण कुणाला काय परवानगी दिली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून या फाइलबद्दल काहींच्या मनात अकारण धास्ती असते, तर काहींना नको तितकी बेफिकिरी.

आधी धास्तीबद्दल. ‘ही फाइल हाताने बदलली तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘ॲप्ट’ फोल्डरात असलेली ही साधी टेक्स्ट फाइल आहे. जुन्या पद्धतीच्या ओळीत चार गोष्टी असतात. सुरुवातीचं ‘डेब’ म्हणजे तयार पॅकेजं हवीत. मग पॅकेजं ठेवलेल्या सर्व्हरचा, म्हणजे रिपॉझिटरीचा पत्ता, त्यानंतर आवृत्तीचं नाव, उदाहरणार्थ डेबियन 12 साठी ‘बुकवर्म’, आणि शेवटी ‘मेन’सारखे विभाग. ओळीच्या आरंभी # लावलं की ती बंद. लिहिताना चूक झाली तर ही फाइल वाचून पॅकेजं बसवणारं ॲप्ट कोणत्या फाइलमध्ये कितव्या जागी अडलं ते सांगून थांबतं. आधी इन्स्टॉल असलेल्या सॉफ्टवेअरला त्याने धक्का लागत नाही. बदलण्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवली की पुरे.

उबुंटू 24.04 वर ही फाइल उघडणारा वेगळ्याच कारणाने दचकतो: आत रिपॉझिटरीची एकही ओळ नसते. काही पुसलं गेलेलं नाही. मजकूर आता शेजारच्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरातल्या ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलमध्ये असतो. तिथे एका ओळीऐवजी टाइप्स, यूआरआय, सूट्स, कंपोनंट्स आणि साइन्ड-बाय असे वेगवेगळे रकाने दिसतात, आणि एखादी नोंद थांबवायची तर ‘एनेबल्ड: नो’ असं लिहितात. जुनी पद्धतही चालते. फक्त या फोल्डरात फाइलच्या नावाचा शेवट ‘.लिस्ट’ किंवा ‘.सोर्सेस’ असाच हवा, नाहीतर ॲप्ट ती वाचतच नाही. ‘.बॅक’ नावाची प्रत तिथेच ठेवली तरी चालते, ती यामुळेच.

‘ॲप्ट अपडेट’ने सॉफ्टवेअर अद्ययावत होतं, हा समज तर घरोघरी आहे. या कमांडने फक्त उपलब्ध पॅकेजांच्या याद्या नव्याने उतरतात. नव्या आवृत्त्या बसवण्याचं काम ‘अपग्रेड’चं.

आता सह्यांकडे वळतो, कारण खरं नुकसान इथल्या गैरसमजांतून होतं. ‘पत्ता एचटीटीपीएस नसेल तर वाटेत कुणीही पॅकेज बदलेल’ असं म्हणतात. पण ॲप्टचा भरवसा मुळात सहीवर आहे. रिपॉझिटरीतल्या ‘इनरिलीज’ फाइलवर डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये याद्यांचे, आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचे एसएचए-256 ठसे असतात. वाटेत एक अक्षर बदललं तरी साखळी तुटते आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारतं. तरीही एचटीटीपीएस निरुपयोगी ठरत नाही. आपण काय उतरवतो हे इतरांना सहज दिसू नये, हा एक फायदा. दुसरं म्हणजे जानेवारी 2019 मध्ये खुद्द ॲप्टमध्येच अशी त्रुटी सापडली, की वाटेत बसलेल्याला ही तपासणी चुकवता आली असती. अशा वेळी जास्तीचा थर कामी येतो.

‘सही जुळली म्हणजे सॉफ्टवेअर सुरक्षित’ हा मात्र धोकादायक समज आहे. पॅकेज कुणाकडून आलं एवढंच सही सांगते. आत काय आहे याची हमी ती देत नाही, आणि पॅकेजसोबतच्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. सहीची एरर आली की ‘ट्रस्टेड=येस’ लिहून मोकळं व्हा, असा तोडगा सर्रास दिला जातो. तो वापरू नये. त्याने सहीची तपासणीच बाद होते. जुन्या ‘ॲप्ट-की’ कमांडचा दोषही याच जातीचा: त्या मार्गाने घातलेली, सही तपासण्याची किल्ली सगळ्या रिपॉझिटरींना लागू पडायची. ‘साइन्ड-बाय’मध्ये किल्लीच्या फाइलचा पत्ता दिला, की ती किल्ली त्या एका रिपॉझिटरीपुरतीच राहते.

‘मी तर फक्त व्हिडिओ प्लेअरसाठी ती रिपॉझिटरी जोडली’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट पाहावं. सर्वसाधारणपणे प्रत्येक रिपॉझिटरीला 500 हाच अग्रक्रम मिळतो, आणि बरोबरी झाली की वरच्या क्रमांकाची आवृत्ती जिंकते. उद्या त्या प्लेअरवाल्याने ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ या देवनागरी फॉन्टची वरच्या क्रमांकाची आवृत्ती तिथे ठेवली, तर पुढच्या अपग्रेडला तुमचा मराठी फॉन्टही तोच पुरवेल. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहिलं की कोणती आवृत्ती कुठून येणार ते समोर येतं. ‘प्रेफरन्सेस.डी’ फोल्डरात त्या रिपॉझिटरीचा अग्रक्रम 100 करून ठेवला, तर मूळ सिस्टिममध्ये असलेल्या पॅकेजांवर ती कुरघोडी करत नाही. परक्या रिपॉझिटरीसाठी एवढे कष्ट घ्यावेतच.

आवृत्तीच्या नावाऐवजी ‘स्टेबल’ लिहिणं सोपं वाटतं, पण त्याचा अर्थ बदलत राहतो. डेबियनमध्ये 10 जून 2023 ला तो बुकवर्म झाला आणि 9 ऑगस्ट 2025 ला ट्रिक्सी. बेसावध असाल तर पूर्ण अपग्रेडच्या एका कमांडने अख्खी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर जाऊ शकते.

ओळ काढली की सॉफ्टवेअरही जातं, असंही नाही. ते तसंच राहतं. त्याचे सुरक्षा-अपडेट तेवढे थांबतात आणि त्याची कुठलीही सूचना येत नाही. नको असेल तर पॅकेज वेगळं काढावं लागतं.

अचानक 404 दिसू लागलं की लोक सर्व्हरला किंवा इंटरनेटला दोष देतात. बऱ्याचदा आपली आवृत्तीच मुदतबाह्य झालेली असते. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना 9 महिनेच आधार मिळतो, 23.10 ची मुदत जुलै 2024 मध्ये संपली. अशा आवृत्त्यांची पॅकेजं नंतर ‘ओल्ड-रिलीजेस’ या सर्व्हरवर हलवतात. फाइलमध्ये तो पत्ता घातला की एरर जाते, पण तिथे नवे सुरक्षा-अपडेट येत नाहीत. नव्या आवृत्तीवर जाईपर्यंतची सोय म्हणूनच तो पत्ता वापरावा.